मिलर्स बेंडची खानेसुमारी

इंदूकाकूंच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नाही, हे कॅरी शहरातल्या मराठी घरांना पक्कं ठाऊक होतं. कोणाचं ग्रीन कार्ड अडकलंय, कोणाच्या मुलीनं मेडिकल सोडून नाटकाला अॅडमिशन घेतलीय, कोणाच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि महिन्याभरात परत गेल्या, हे सगळं काकू गणपतीत मोदकांचं ताट फिरवता फिरवता सांगून मोकळ्या होत. त्यात वाईट हेतू नसे. माहिती हा प्रसाद आहे आणि तो वाटून टाकायचा असतो, असा त्यांचा समज होता.

अशा बाईंनी २००३ सालच्या हिवाळ्यात शपथ घेतली, की लोकांच्या दारात मी जे ऐकेन ते कोणालाही सांगणार नाही. आणि पाळली. मी साक्षीदार आहे, कारण ती शपथ पहिल्यांदा चालली ती माझ्यावरच.

काकू कॅरीत राहत नसत. पूर्वेकडे दोन तास गाडी चालवली की तंबाखूची आणि रताळ्यांची शेतं लागतात. त्यांच्यामध्ये मिलर्स बेंड नावाचं गाव आहे. एक गॅस स्टेशन, खत-बियाण्यांचं एक दुकान, काही चर्चेस आणि एक दवाखाना. त्या दवाखान्यात यायला कोणी डॉक्टर तयार नव्हता तेव्हा काकूंचे यजमान अमरावतीहून आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. काकू त्यांना ‘डॉक्टर’च म्हणत, घरातही. डॉक्टर गेल्यावर सांता क्लाराला राहणाऱ्या मुलानं आईसाठी खोली रंगवून घेतली. काकू पंधरवडाभर राहून परत आल्या. “तिथं मला ओळखतं कोण? इथं कुत्रीसुद्धा माझं नाव घेऊन भुंकतात,” म्हणाल्या.

गाव त्यांना ‘मिस इंदू’ म्हणे. इतक्या वर्षांत त्यांचं मराठी अमरावतीचंच राहिलं होतं, पण इंग्रजी पार तिथल्या शेतकऱ्यांचं झालं होतं, लांबवलेलं, डुलत चालणारं. ‘यॉल’, म्हणजे ‘तुम्ही सगळे’, म्हणताना त्या हात असा फिरवत की जणू समोर सगळी पंगत बसली आहे. हरणांच्या शिकारीचे दिवस आले की त्या साडीवर एका पेशंटनं डॉक्टरांना दिलेलं भडक नारिंगी जाकीट चढवत. “झाडीतून कोणी मला हरीण समजू नये म्हणून,” असं कारण देत आणि वर म्हणत, “तशी मी हरणासारखी दिसत नाही, पण बंदूकवाल्याचा काय भरवसा बापा?”

त्या वर्षी दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, ठरवलं होतं की एवढ्या लहान गावाला वेगळा दवाखाना परवडत नाही, लोकांनी तासभर गाडी चालवून काउंटीच्या मुख्य गावी जावं. गावाचं म्हणणं असं की आम्ही लहान नाही, आम्हाला नीट मोजलंच नाही. कच्च्या रस्त्यांच्या टोकाला, झाडीमागे मोबाइल होम्स, म्हणजे चाकांवरून आणून ठेवलेली घरं, उभी होती. मागच्या जनगणनेत तिकडे कोणी फिरकलं नव्हतं, आणि जिथे फिरकलं तिथे लोकांनी दार उघडलं नव्हतं. गावानं अर्ज करून पुन्हा मोजणी मागून घेतली. घरोघर जायला गावातलीच माणसं नेमली आणि ऐकलेलं बाहेर सांगणार नाही अशी शपथ त्यांना दिली. त्यांत काकू होत्या.

नेमका त्यांचा जुना पिकअप ट्रक बंद पडला. मला फोन आला. “सतीश, तुझी नोकरी गेली म्हणतात. मग गाडी घेऊन ये.”

नोकरी गेल्याचं मी मोजक्याच लोकांना सांगितलं होतं. पण काकूंपुढे लपवण्यात अर्थ नव्हता. बायको कामावर जायची, मुलगी डे-केअरला, आणि मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून अर्ज पाठवत असे. मला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा जास्त अपराधी वाटायचं, जणू मीच काहीतरी चोरलं आहे. मी कॅरीहून गाडी काढून गेलो.

पहिल्याच घरासमोर मी सीटबेल्ट सोडला तशा काकू म्हणाल्या, “तू कुठे? तू शपथ घेतलेली नाहीस. गाडीतच बस. काच वर कर.”

“काकू, काच वर केली तर मला काहीच ऐकू येणार नाही.”

“त्यासाठीच सांगितलं.”

पण काकूंचा आवाज काचेला जुमानणारा नव्हता. समोरच्याची उत्तरं मला ऐकू येत नसत, काकूंचे प्रश्न मात्र येत. पहिल्या दारात एक म्हातारी बाई एप्रनला हात पुसत उभी होती. तिनं दार अर्धं लोटून धरलं होतं, सरकारी माणसापुढे धरतात तसं. काकूंनी हातातल्या कागदाकडे पाहिलंही नाही.

“काल रात्री या घरी कितीजण जेवले?” त्यांनी इंग्रजीतून विचारलं.

म्हातारीचा हात दारावरून सुटला. ती बोटं मोजायला लागली. मग आत वळून कोणाला तरी काहीतरी विचारून आली, पुन्हा मोजायला लागली, आणि शेवटी दोघी पोर्चवरच्या खुर्च्यांत बसल्या.

आठवडाभर असंच चाललं. इतर मोजणीवाल्यांना दारातून परत पाठवलं जात होतं आणि काकू घरामागून घर उरकत होत्या. मला त्या काहीच सांगत नसत. गाडीत बसल्यावर फक्त एवढंच म्हणत, “या लोकांचं जेवण चांगलं आहे हो,” आणि पर्समधली बडीशेप माझ्या हातावर ठेवत.

मग डॉनानं त्यांना बोलावून घेतलं. डॉना ही मोजणीवर देखरेख करणारी बाई, वरून आलेली, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारी. टाउन हॉलच्या दारातच तिनं काकूंना गाठलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो.

“मिस इंदू, जेवायला किती, असा प्रश्न कोणी सांगितला तुम्हाला?”

“मग काय विचारायचं?”

“कागदावर लिहिलंय ते, शब्दाला शब्द. या घरात कोण राहतं आणि झोपतं. तुमच्या घरांमधला एक नातू आजीकडे जेवला आणि मग मावशीकडेही जेवला. दोन्हीकडे मोजला गेलाय तो.”

“वाढत्या वयाचा असेल,” काकू म्हणाल्या.

डॉना हसली नाही. आकडा फुगवलेला दिसला तर अख्ख्या गावाची मोजणी रद्द होईल, असं तिनं सांगितलं. तुमची सगळी घरं पुन्हा करा, नाहीतर मला ती सोडून द्यावी लागतील.

काकू गाडीत येऊन बसल्या. बडीशेप निघाली नाही. गाव संपेपर्यंत त्या गप्प होत्या, आणि काकू गप्प बसल्या की गाडीत कुणीतरी परकं माणूस बसल्यासारखं वाटे. मग म्हणाल्या, “खानेसुमारी म्हणजे जेवणाचंच विचारायचं ना रे? आमचे बाबा करत.”

त्यांचे वडील अमरावतीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. मास्तरांना खानेसुमारीचं काम लागे. संध्याकाळी घरी येऊन ते आईला सांगत, अमक्याकडे आज नुसती भाकर आणि ठेचा होता, तमक्याकडे पिठलं, त्यांनी मलाही बसवलं. काकू तेव्हा लहान होत्या. त्यांनी आपला अर्थ लावून टाकला होता.

“काकू,” मी चाचरत म्हणालो, “त्यातलं ‘खाने’ म्हणजे खाणं नव्हे. खाना म्हणजे घर. छापखाना, कारखाना, तसं. घरं मोजणं.”

त्या खिडकीकडे वळल्या. कापून नेलेल्या तंबाखूचे नुसते बुंधे उभे होते शेतात.

“मला वाटायचं, सरकार माणूस पाठवून विचारतं, तुम्ही जेवलात का. किती चांगलं सरकार आहे, असं वाटायचं मला,” त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. “दवाखान्यातला खाना पण तोच?”

“तोच.”

“मग ठीक आहे. त्याच्यासाठीच तर चाललंय. वळव गाडी, म्हातारीपासून सुरू करू.”

पण त्याच आठवड्यात फ्लू गावात शिरला. त्या हिवाळ्यात तो सगळीकडेच लवकर आला होता. मिलर्स बेंडमध्ये शाळा बंद झाली. गॅस स्टेशनच्या बाईनं काउंटरपुढे प्लास्टिकचा पडदा टांगला. दवाखान्याबाहेर लोक गाड्यांतच बसून नंबर येण्याची वाट पाहत. मोजणीवाल्यांपैकी काही आजारी पडले, एकीनं काम सोडलं. दारं आधीच बंद होती, आता पडदेही बंद झाले. मोजणी संपवायची तारीख मात्र तीच राहिली.

माझी मुलगी लहान होती. मी फोनवर काकूंना म्हणालो, हे थोडे दिवस थांबवता येणार नाही का. “तू नको येऊस,” त्या लगेच म्हणाल्या. रागानं नाही. “तुझं पोर लहान आहे. मी खतवाल्याची गाडी मागते.” मी दोन दिवस घरी बसलो. तिसऱ्या दिवशी गाडी काढली आणि रस्ताभर स्वतःला बोल लावत गेलो, गेलो म्हणूनही आणि दोन दिवस गेलो नव्हतो म्हणूनही. काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तुझं तोंड कायम माफी मागितल्यासारखं का असतं रे? बस. काच वर कर.”

त्या दोन दिवसांत काकूंनी एक नवीनच उद्योग करून ठेवला होता. खताच्या दुकानामागच्या खोलीत गावाचं छोटं रेडिओ स्टेशन होतं. त्यावर सकाळी डुकरांचे बाजारभाव सांगत आणि मग चर्चची भजनं लावत. भाव आणि भजन यांच्या मधली जागा काकूंनी मिळवली होती. मालकानं जरा कुरकुर केली म्हणे. काकूंनी त्याला आठवण करून दिली की मध्यरात्री तुझ्या छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर चपला न घालता धावले होते.

गाडीच्या रेडिओवर मी त्यांना ऐकलं. इंग्रजीतलं मराठीत लिहितोय.

“मी इंदू. आज दुपारी मी गिरणीच्या कच्च्या रस्त्यावर येते आहे. पोर्चवर या, स्वेटर घालून या. ताप असेल तर दार उघडू नका, खिडकीतून ओरडून सांगा. मला तुमचा ताप नको, तुमची माणसं मोजायची आहेत. मागे मी चुकीचं विचारलं होतं. जेवायला किती ते विचारलं, झोपायला किती ते विचारायचं होतं. चूक माझी आहे, म्हणून पुन्हा येते. आणि तुम्ही सांगाल ते मी कोणालाही सांगणार नाही. आता ज्यांना हसू येतंय त्यांनी हसून घ्या, मग भजन लागेल.”

गाव हसलं असावं, कारण दुपारी लोक खरंच पोर्चवर आले. काकू तोंडाला रुमाल बांधून पायऱ्यांच्या खाली उभ्या राहत, नारिंगी जाकीट घालून, आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत. काल जेवायला किती होते? बरं, त्यातले झोपले किती इथं? बाकीचे कुठं राहतात? नेहमी तिथंच? पहिला प्रश्न डॉनाच्या कागदावर नव्हता. तो विचारून झाल्यावर काकू कागद वर धरत आणि त्यातलं वाक्य शब्दाला शब्द वाचून दाखवत, शाळेत धडा वाचावा तसं. आत कोणी आजारी आहे असं कळलं की दवाखान्याची वेळ सांगून पुढे जात. एका घरी त्यांनी मला नर्सला आणायला गाडी दवाखान्याकडे पिटाळायला लावली आणि स्वतः पोर्चवर थांबल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तरी अर्धं गाव अजून बाकी होतं. ते मिस्टर एल्बर्टच्या शब्दावर चालणारं गाव होतं. मिस्टर एल्बर्ट हे नदीकाठच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले वडीलधारे, उंच आणि मोजकं बोलणारे. फ्लूमुळे रविवारची प्रार्थना चर्चच्या पटांगणात होई. लोक आपापल्या गाड्यांत काचा थोड्या खाली करून बसत, पास्टर पायऱ्यांवरून बोलत, आणि ‘आमेन’ म्हणायचं तिथे हॉर्न वाजवत. प्रार्थना झाल्यावर काकू पायऱ्यांपाशी गेल्या. मी शेवटच्या रांगेत गाडीत होतो.

मिस्टर एल्बर्ट म्हणाले, “मिस इंदू, आमच्या धर्मग्रंथात एका राजानं प्रजेची मोजणी केली. देवाला ते आवडलं नाही. देशात मरी पसरली. तुम्ही मोजायला लागलात आणि पाहा, काय झालंय गावात. माझी बायको कालपासून अंथरुणात आहे.”

सगळ्या गाड्या ऐकत होत्या.

“राजानं कशासाठी मोजलं होतं?” काकूंनी विचारलं.

“लढाईला किती पुरुष मिळतील ते पाहायला.”

“मग देव रागावणारच. मीही रागावले असते. मी लढाईसाठी मोजत नाही, मिस्टर एल्बर्ट. डॉक्टर लागेल की नाही, ते ठरवायला मोजते आहे. तुमच्या मिसेसला उद्या आपल्या दवाखान्यात न्यायचं, की तासभर गाडीत झोपवून न्यायचं, एवढंच मला सांगा.”

मिस्टर एल्बर्टनी एकदा दवाखान्याच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, “माझी तिन्ही मुलं डॉकच्या, तुमच्या यजमानांच्या, हातांत जन्मली. त्यांच्या तोंडून मी कधी एवढं बोलणं ऐकलं नाही.”

“मी बोलू दिलं असतं तर ऐकलं असतं,” काकू म्हणाल्या.

मिस्टर एल्बर्ट गाड्यांकडे वळून म्हणाले, “उद्या सकाळी मिस इंदू माझ्या घरापासून सुरू करतील.” कुठूनतरी एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग सगळं पटांगण वाजायला लागलं. मीही वाजवला.

परत येताना काकूंनी विचारलं, “तू कशाला वाजवलास? तू इथला आहेस का?”

“नाही.”

“मग कुठला? सांगलीला तुझ्या आईला वाटतं, तू कामावर आहेस. मी दारोदार खरं सांगा म्हणत फिरते आणि माझा ड्रायव्हर घरी खोटं सांगतो.”

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवलास का. एवढंच. ते मी काकूंना सांगितलं नाही, नाहीतर खानेसुमारीचा अर्थ आपलाच बरोबर होता असं त्यांनी ठरवून टाकलं असतं.

तारीख जवळ आली तेव्हा काकूंची सगळी घरं झाली होती. एक सोडून. स्वतःचं घर स्वतः मोजायचं नाही, असा नियम होता. त्यासाठी रूबी आली. रूबी शाळेची बस चालवायची, शाळा बंद असल्यामुळे तिनं हे काम धरलं होतं. मी स्वयंपाकघरात चहाच्या भांड्यापाशी होतो. काकू मला बाहेर घालवायचं विसरल्या.

रूबीनं दारात उभं राहून कागदावरचं वाक्य वाचलं. या घरात किती माणसं राहतात आणि झोपतात?

 गावभर ज्यांचा आवाज गेला त्या काकूंनी मागे वळून पाहिलं. बैठकीतली डॉक्टरांची खुर्ची, त्यांच्या खोलीचं उघडं दार, आणि मग मी दिसलो तर माझ्याकडेही पाहिलं, जणू उत्तर माझ्यापाशी असेल. रूबी घाई न करता उभी राहिली. चहा उतू गेला तरी मी हललो नाही.

“वन,” काकू म्हणाल्या.

रूबी गेल्यावर त्यांनी फडक्यानं शेगडी पुसली. पुसताना म्हणाल्या, “आमच्याकडे ज्वारी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की एकटं पडतं म्हणतात. रूबीला आता हे कुठं सांगत बसू? तोंडानं वन म्हटलं. मनात लाभ म्हटलं.” आणि मग, “चहा पुन्हा टाक. या वेळी लक्ष दे.”

दवाखान्याचा निकाल यायला उन्हाळा उजाडला. तोवर मला कॅरीतच दुसरी नोकरी लागली होती. ऑफिसात काकूंचा फोन आला. इतक्या लांबचा फोन आणि त्यातही काकू, म्हणजे अर्धा तास गेला असं समजून मी पाय लांब केले. त्या म्हणाल्या, “राहिला,” आणि फोन ठेवून दिला.

२००८ मध्ये मला टेक्सासमधल्या शुगर लँडला काम मिळालं. सामान ट्रकमधून पुढे गेलं होतं, बायको आणि मुलगी विमानानं जाणार होत्या, गाडी मी एकटा नेणार होतो. टेक्सासची वाट मिलर्स बेंडवरून जात नाही, अगदी उलटी जाते. तरी मी आधी तिकडे गेलो. काकू घरी नव्हत्या. शेजारणीनं सांगितलं, दवाखान्यात असतील, आज ब्लडप्रेशर पाहायचा दिवस.

दवाखान्याला नवी डॉक्टरीण आली होती आणि पुढच्या बाजूला मोठी काच बसवली होती. वेटिंग रूम भरलेली होती. काकू भिंतीकडच्या खुर्चीत बसून शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला काहीतरी समजावत होत्या. त्या थकल्या होत्या, पण दोन्ही हात चालू होते. मी आत गेलो, वाकून नमस्कार केला. त्यांनी टेक्सासच्या उन्हाला नावं ठेवली, मुलीला मराठी लिहायला शिकव म्हणाल्या, आणि हातावर बडीशेप दिली.

“चला माझ्याबरोबर बाहेरपर्यंत,” मी म्हणालो.

“वेडा आहेस का? नंबर जाईल माझा.”

तेवढ्यात नर्सनं आतून हाक मारली, मिस इंदू. काकू उठल्या, पदर सारखा केला, आणि म्हाताऱ्याला म्हणाल्या, “जागा धरून ठेवा, गोष्ट अजून संपलेली नाही.” मग मला हातानं, जा, अशी खूण केली आणि आत गेल्या. त्यांच्यामागे दार बंद झालं.

मी गाडी मागे घेताना काचेतून पाहिलं. खोलीत उभं राहायलाही जागा उरली नव्हती. कडेवर मूल घेतलेली एक बाई त्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, स्वतः सावकाश उठला, तिला आपल्या खुर्चीत बसवलं, आणि काकूंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला.